व्हिडिओ संपला, फोटो तसाच

गेल्या अंकात मी म्हटलं होतं, फोटो एडिटिंग व्हिडिओ बघून शिकताना कुठे अडतं ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली. लग्नसराई उरकली, पाऊस लागला, स्टुडिओवाल्यांना जरा उसंत मिळाली, त्याचाही हा परिणाम असावा. माझा स्वतःचा स्टुडिओ अमळनेरात आहे, त्यामुळे पुष्कळशा तक्रारी ओळखीच्याच निघाल्या. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांनी ‘नाव छापू नका ताई’ असं बजावलंय. गावात धंदा करायचा असतो, समजतं मला. म्हणून फक्त गावांची नावं देते.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. झालोय आणि मामांच्या स्टुडिओत काम शिकतोय. वर्षभर फोटोशॉपचे व्हिडिओ बघतोय, हिंदी, इंग्रजी, मिळेल ते. बघताना सगळं समजतं. पण मामांनी हळदीचे फोटो समोर टाकले की हात चालत नाही. कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही. – एक वाचक, एरंडोल

उत्तर : भाऊ, व्हिडिओतला फोटो नीट बघितलात का कधी? मुलगी खिडकीपाशी उभी, एका बाजूने मऊ उजेड, मागे राखाडी भिंत, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली. शिकवणारा असाच फोटो निवडतो, कारण त्याची युक्ती त्यावर हमखास चालते. तुमच्या पुढ्यातला फोटो कसा आहे? दुपारी बाराचा, पिवळ्या-गुलाबी कापडाच्या मांडवातला. वर रणरणतं ऊन, त्या कापडातून गाळून आलेला रंग सगळ्यांच्या तोंडावर, कोपऱ्यात डीजेच्या दिव्यांचा जांभळा झोत, आणि नवरदेव मानेपर्यंत माखलेला. खिडकीपाशी उभ्या मुलीच्या व्हिडिओत याचं उत्तर मिळणार कुठून?

म्हणून उलट्या बाजूने या. फोटो उघडा आणि माऊसला हात लावू नका. वही घ्या आणि या फोटोत डोळ्याला काय खटकतं ते साध्या मराठीत लिहा. ‘सगळ्यांच्या तोंडावर मांडवाचा रंग आलाय.’ ‘काकूंच्या डोळ्यांखाली काळोख आहे.’ ‘मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत दिसते.’ तीन ओळी पुरे. आता एकेका ओळीला व्हिडिओ शोधा. पहिल्या भानगडीला या धंद्यात ‘कलर कास्ट’ म्हणतात, दुसरीसाठी ‘डॉज अँड बर्न’, म्हणजे जागा हवी तशी उजळ-काळी करणं, तिसरीसाठी ‘क्लोन स्टॅम्प’ नाहीतर ‘कंटेंट अवेअर फिल’. हे शब्द टाकले की कामाचा व्हिडिओ सापडतो. ‘फोटोशॉप फुल कोर्स’ असं शोधलंत तर दहा तास ऐकून तुमच्या मामांचा एकही फोटो तयार होणार नाही.

तुमचा हळदीचाच फोटो घेऊ. नवी मुलं पहिल्यांदा ‘ऑटो कलर’ दाबतात. ते बिचारं आपलं गणित करतं, इथे पिवळं फार झालंय, कमी करा. मांडवाचा रंग जातो, पण त्याच्याबरोबर हळदही जाते, आणि नवरदेव गालाला चुना लावल्यासारखा दिसतो. हळदीच्या फोटोतून हळदच गेली तर घरचे कशाचे पैसे देतील?

त्याऐवजी कर्व्ह्जचा ॲडजस्टमेंट लेयर घ्या, म्हणजे मूळ फोटोला हात न लावता उजेड-रंग बदलणारा वरचा थर. त्यात तीन ड्रॉपर दिसतील, काळा, राखाडी आणि पांढरा. मधला राखाडी उचला. आता फोटोत अशी जागा हवी, जिला खरं तर स्वतःचा रंग नसतो. आपल्याकडे ती फार शोधावी लागत नाही. हळदीत एखादे तरी आजोबा पांढरी टोपी घालून बसलेले असतात. टोपीच्या उन्हाकडच्या चकचकीत भागावर क्लिक करू नका. तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही 255 ला टेकलेले असतात, म्हणजे आत काही माहितीच उरलेली नसते. सावलीकडच्या बाजूला, टोपीच्या घडीजवळ क्लिक करा. एका क्लिकमध्ये अख्ख्या फोटोची छटा फिरेल. जास्त वाटली तर लेयरची ओपॅसिटी 60-70 टक्क्यांवर आणा.

मग त्याच लेयरच्या मास्कवर, म्हणजे बदल कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या पडद्यावर, या. काळा ब्रश, मऊ कडा, फ्लो (रंग सुटायचा जोर) 20 च्या आसपास. नवरदेवाच्या गालांवर, हातांवर जिथे हळद आहे तिथे हलक्या हाताने फिरवा. मास्कवर काळं फिरवलं तिथे तो बदल झाकला जातो, आणि हळद हळूहळू पूर्वीसारखी उठते. डोळ्यांच्या पांढऱ्यावर आणि दातांवर ब्रश जाऊ देऊ नका, नाहीतर कावीळ झाल्यासारखं दिसेल. चुकून गेलाच तर एक्स दाबून पांढरा ब्रश घ्या आणि पुसून टाका. अल्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की फोटो बाजूला होऊन नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो, कुठे काय राहिलं ते लगेच कळतं. फोटोशॉपऐवजी गिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा राखाडी ड्रॉपर लेव्हल्समध्ये सापडेल.

एक बारीक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगणार नाहीत, कारण त्या लोकांनी टोप्या धुतलेल्या नाहीत. नीळ जास्त झालेल्या टोपीवर क्लिक केलं तर फोटो आणखीच पिवळा होतो. ड्रॉपरला ती निळसर छटा चूक वाटते आणि तो ती काढायला जातो. असं झालं तर दुसरे आजोबा शोधा.

व्हिडिओ बघायची माझी पद्धतही सांगते. पहिल्यांदा फोटोशॉप बंद ठेवून पूर्ण बघायचा. दुसऱ्यांदा थांबत थांबत, त्याने केलं तसं करत. संगणकावर यूट्यूबला के दाबलं की व्हिडिओ थांबतो, जे दाबलं की दहा सेकंद मागे जातो. थांबवून स्वल्पविरामाचं किंवा पूर्णविरामाचं बटण दाबलं की एकेक चित्र मागेपुढे सरकतं. शिकवणाऱ्याने झटक्यात कुठला चौकोन टिक केला ते असं पकडता येतं. बोलणं भराभर असेल तर वेग 0.75 करा. तिसऱ्यांदा व्हिडिओ बंद आणि मामांचा फोटो समोर. खरं शिकणं इथे सुरू होतं आणि नेमक्या याच वेळी पुढचा व्हिडिओ लावायचा मोह होतो. खापरावरचे मांडे जन्मभर बघितले म्हणून कुणाला येतात का? कणीक आपल्या हातावर पसरायला घेतली की कळतं.

आणि त्याच विषयावर दुसऱ्या गुरूचा व्हिडिओ इतक्यात लावू नका. एकच काम एक जण लेव्हल्सने करतो, दुसरा कर्व्ह्जने, तिसरा कॅमेरा रॉ फिल्टरने. तिघेही बरोबर असतात, पण नवशिक्याला वाटतं की आधी शिकलेलं चुकीचं होतं.

प्रश्न : व्हिडिओत सांगतात, शिफ्ट दाबून कोपरा ओढा म्हणजे फोटो वेडावाकडा ताणला जात नाही. मी तसं केलं की नवरी जाड होते! शिफ्ट सोडलं तर बरोबर येतं. कॉम्प्युटर बिघडला की मी? – एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर : दोघंही ठणठणीत आहात. 2018 च्या ऑक्टोबरात फोटोशॉप सीसी 2019 आलं, तेव्हापासून हा नियम उलटा झाला. आता काही न दाबता ओढलं तर प्रमाण राखलं जातं, शिफ्ट दाबलं तर सुटतं. कंट्रोल-झेडचंही तेव्हाच बदललं. आधी ते एकच पाऊल मागे जायचं आणि पुन्हा दाबलं की परत पुढे यायचं, जास्त मागे जायला कंट्रोल-अल्ट-झेड लागायचं. आता कंट्रोल-झेड दाबत राहा, मागे मागे जात राहतं. जुनी सवय सोडवत नसेल तर प्रेफरन्सेसच्या जनरल पानावर ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ टिक करा.

व्हिडिओ लावण्याआधी तो कुठल्या साली टाकलाय ते बघायची सवय लावा. पण जुना म्हणजे टाकाऊ असंही नाही. नोल भावांनी केलेलं फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, लेयर 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, हीलिंग ब्रश 2002 च्या सातव्या आवृत्तीत. आपल्याकडे काही दुकानांत ही सातवी आवृत्ती अजून सुखाने नांदते आहे. लेयर म्हणजे काय, मास्क काय करतो, कर्व्हची रेघ वर उचलली तर काय होतं, हे समजावणारा दहा-बारा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आजही सोन्यासारखा आहे. अमुक बटण तमुक कोपऱ्यात आहे असं सांगणारा दोन वर्षांत शिळा होतो. 2023 मध्ये आलेल्या जनरेटिव्ह फिलसारख्या एआयच्या गोष्टींवरचे तर त्याहून लवकर.

प्रश्न : व्हिडिओखाली पूर्ण फोटोशॉप फुकट मिळेल अशी लिंक असते. घ्यावी का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं जिथे सांगतात तिथलं काहीही घेऊ नका. स्टुडिओच्या संगणकावर लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असतात, आधारच्या प्रती असतात. रीतसर फुकट हवं असेल तर गिंप आहे, क्रिटा आहे. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइलसुद्धा उघडतं, शिवाय फोटो तुमच्या संगणकावरच राहतो, कुठे अपलोड होत नाही. फोटोपीची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे, त्यामुळे फोटोशॉपचे बरेचसे व्हिडिओ तिथे जसेच्या तसे लागू पडतात.

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. केळीच्या बागेचे, घडांचे फोटो काढतो, व्यापाऱ्यांना पाठवतो, रीलही टाकतो. मोबाइलवर नीट शिकता येईल का? – एक वाचक, यावल तालुका

उत्तर : येईल. स्नॅपसीड घ्या, फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात कर्व्ह्ज आहेत, फोटोच्या एका भागापुरता उजेड कमी-जास्त करणारं सिलेक्टिव्ह आहे, आणि केलेला बदल बोटाने हवा तिथेच लावायची सोयही आहे. म्हणजे वर एरंडोलच्या भाऊंना सांगितला तो मास्कच, फक्त ब्रशऐवजी बोट. एकदा बोटाला मास्क समजला की पुढे लॅपटॉप आल्यावर निम्मं काम झालेलं असतं. वीज असताना घरच्या वायफायवर व्हिडिओ ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि मळ्यात बसून बघा.

मात्र केळीच्या फोटोत सॅच्युरेशनची, म्हणजे रंग गडद करायची, पट्टी सरकवू नका. माल कापणीला किती आलाय हे व्यापारी फळाच्या भरावरून आणि रंगावरून ओळखतो. तुम्ही हिरवं गडद केलंत तर फोटोत एक माल आणि गाडीपाशी दुसरा, मग भावावरून वाद. तुमच्या फोटोंत रंगापेक्षा उजेडाचीच अडचण जास्त असणार, कारण बागेत पानांच्या छपराखाली घड काळोखात आणि मागे आभाळ पांढरंफेक असतं. कर्व्ह्जमध्ये रेघेचा डावीकडचा, काळोखाचा भाग थोडा वर उचला आणि उजवीकडचं टोक जागच्या जागी राहू द्या. एवढं एक काम नीट जमलं तरी फोटो पाठवण्याजोगा होतो.

प्रश्न : परीक्षेच्या फॉर्मला फोटो 20 ते 50 केबी मागतात. व्हिडिओ बघून छोटा केला तर चेहरा चौकोनी चौकोनी दिसतो. – सायबर कॅफेचालक, पाचोरा

उत्तर : तुम्ही पिक्सेल तेवढेच ठेवून नुसती क्वालिटी पाडताय. आधी माप कमी करा. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला 200 बाय 230 पिक्सेल चालतात, एवढ्या फोटोला 50 केबी भरपूर होतात. क्रॉप करून आधी हे माप करा, मग ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये जेपेग निवडा. त्याच खिडकीच्या कोपऱ्यातल्या मेनूत ‘ऑप्टिमाइझ टू फाइल साइझ’ आहे, तिथे 45 लिहा. दर फॉर्मचं माप वेगळं असतं, सूचनांचं पान उघडून बघितल्याशिवाय पोराचा फॉर्म पुढे ढकलू नका.

प्रश्न : मी वाढदिवसाचे बॅनर करतो. गुगलवरून मुक्ता फॉन्ट घेतला, पण फोटोशॉपमध्ये ‘हार्दिक’ लिहिलं की रफार पाय मोडून खाली पडतो आणि वेलांटी भलतीकडे जाते. वर्डमध्ये तेच बरोबर दिसतं. सगळे व्हिडिओ बघितले, कुणीच सांगत नाही. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : सांगणार नाहीत, कारण इंग्रजी अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत, त्यामुळे त्यांना ही अडचण कधी येतच नाही. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’चं पान उघडा. तिथे टेक्स्ट इंजिन निवडायची सोय असते. ज्या पर्यायाच्या नावात ‘साउथ एशियन’ किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ आहे तो घ्या आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. एवढ्याने जुने टाइप केलेले लेयर सुधारत नाहीत. ते लेयर निवडा, पॅराग्राफच्या पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा आणि ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ करा. रफार टुणकन वर जाईल. सातव्या आवृत्तीसारखं जुनं फोटोशॉप असेल तर तिथे हे होत नाही. म्हणून तर आपले जुने बॅनरवाले अजून ते ठरावीक कीबोर्डचे फॉन्ट धरून बसलेत, आणि दुसऱ्या दुकानात फाइल नेली की ‘शुभेच्छुक’च्या जागी किडे उमटतात.

तुमच्या पत्रातली दुसरी शंका होती, फाइल 300 डीपीआयची, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांची, करायला गेलं की संगणक बसतो. अहो, बॅनर लांबून बघायचा असतो! दहा फूट म्हणजे 120 इंच. 300 ने गुणलं तर 36,000 पिक्सेल, आणि साध्या पीएसडी फाइलची मर्यादाच 30,000 ची. 72 ने करा, 8,640 पिक्सेल होतात. चौकात दोरीला टांगलेल्या, खाली पंचवीस शुभेच्छुकांची डोकी असलेल्या बॅनरला ते पुरून उरतात. 300 डीपीआय हातात धरून बघायच्या गोष्टींना ठेवा. 12 बाय 36 इंचांचं अल्बमचं पान म्हणजे 3,600 बाय 10,800 पिक्सेल, तिथे कंजुषी नको.

प्रश्न : ‘सात दिवसांत प्रोफेशनल एडिटर’ असा ऑनलाइन कोर्स आहे. फी बरीच आहे. करावा की फुकटचे व्हिडिओ बरे? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : पी हळद अन् हो गोरी! सात दिवसांत टूलची नावं पाठ होतात, त्यापलीकडे काही नाही. पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण फी भरण्याआधी एक विचारा, माझा बिघडलेला फोटो बघून त्यातलं चुकलेलं कुणी सांगणार का? सांगणार असतील तर ती शिकवणी. नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओच देणार असतील तर तसे फुकट पडलेत.

आणि तुम्ही चाळीसगावचे ना? मग कलामहर्षी केकी मूस यांचं संग्रहालय तुमच्या गावातच आहे. कोर्सच्या आधी तिथे जा. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी या माणसाचं नाव झालं. घरात बसून, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी पूर्ण देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. 1989 मध्ये ते गेले, म्हणजे फोटोशॉप बाजारात यायच्या आधीच. तिथे एकेका फोटोपुढे उभं राहून फक्त एवढंच शोधा की उजेड कुठून येतोय आणि सावली कुठे पडलीय. दुसऱ्याची सावली ओळखता आली की तुम्ही कापून चिकटवलेल्या नवरदेवाची सावली का खोटी दिसते तेही कळेल. निम्म्या अल्बमांत सूर्य डावीकडे आणि सावली पण डावीकडे असते, मी रोज बघते.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतं ‘गोरं करा, चेहरा गुळगुळीत करा’. स्किन स्मूदिंगचे व्हिडिओ बघून केलं तर बाहुलीसारखं दिसतं. मग तेच गिऱ्हाईक म्हणतं, ही आमची मुलगी वाटत नाही! – एक वाचक, धुळे

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक त्वचेचा पोत, म्हणजे बारीक छिद्रं, लव, रेषा. दुसरी रंगाची आणि उजेडाची चढउतार, म्हणजे इथे जरा काळपट, तिथे लालसर. व्हिडिओतला ब्लर दोन्ही एकदम पुसतो. पोत गेला की माणूस मेणाचा होतो. ‘फ्रिक्वेन्सी सेपरेशन’ नावाची रीत या दोन गोष्टी दोन लेयरवर वेगळ्या करते. पोत वरच्या लेयरवर राहतो आणि तुम्ही खालच्या लेयरवर फक्त रंग सारखा करता. या विषयावर व्हिडिओ ढीगभर आहेत. त्यात ब्लरचा आकडा किती ठेवायचा तो मात्र त्यांचा उचलू नका. त्यांचा फोटो नुसत्या चेहऱ्याचा, तुमचा स्टेजवरच्या आठ जणांचा. खालचा लेयर बघत आकडा वाढवा आणि त्वचेची छिद्रं दिसेनाशी झाली की तिथेच थांबा. आठ जणांच्या फोटोत तो आकडा अगदी लहान येईल.

पण त्याच्याही आधी ठरवायचं असतं ते काय काढायचं आणि काय ठेवायचं. आमच्या स्टुडिओत नियम असा आहे की आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं. पुटकुळी, ओरखडा, डास चावल्याची गांधी, रात्रभर जागून सुजलेले डोळे. जन्मभर राहणारं आहे ते ठेवायचं. तीळ, जुना व्रण, हनुवटीवरची खळी. काढायचंच असेल तर घरच्यांना विचारून. वडील निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलने रिटचिंग करायचे, देवीचे व्रण भरायचे. एकेका ठिपक्याला वेळ लागायचा, म्हणून जेवढं गरजेचं तेवढंच व्हायचं. आता एका पट्टीवर सगळ्या वऱ्हाडाचं तोंड धुऊन निघतं, त्यामुळे कुठे थांबायचं हेच राहून जातं.

आपल्या भागात याचा सगळ्यात वाईट फटका गोंदणाला बसतो. म्हातारी आजी नातवाशेजारी बसलेली असते, कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके. मोबाइलमधल्या ब्यूटी फिल्टरला आणि एका क्लिकवाल्या एआयला ते डाग वाटतात. मागे एक मुलगा अल्बमची पानं माझ्याकडे छापायला घेऊन आला. शंभर टक्के झूम करून बघितलं तर आजीचं कपाळ कोरं, भुवयांच्या मधोमध थोडासा राखाडी धुरळा उरलेला. त्याला म्हटलं, मूळ फाइल आण. मूळ फोटो खालच्या लेयरवर ठेवला, एडिट केलेल्या लेयरला मास्क लावला आणि पाच-सहा पिक्सेलच्या काळ्या ब्रशने एकेक ठिपका परत उघडा केला. काम पाच मिनिटांचं होतं. मुलगा बघत राहिला, मग म्हणाला, ‘‘ताई, मी तर हे पाहिलंच नव्हतं.’’

राहिलं गोरं करायचं. गिऱ्हाइकाला उगाच भाषण देऊ नका, ऐकत नाहीत. बहुतेक वेळा त्यांना जे खुपतं ते काळेपण नसतं, उजेड कमी पडलेला असतो. वरून दिवा, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाची सावली ओठावर. डॉज करून डोळ्यांखालची आणि गालाची सावली हलकी करा, रंगाला हात लावू नका. मान आणि हात यांच्याशी चेहरा जुळतोय ना ते बघा. मग आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी दाखवा. माझ्या दुकानात तरी त्यानंतर पुष्कळ जण ‘हां, आता बरोबर’ म्हणतात. जे तरीही म्हणत नाहीत त्यांच्याकडून आगाऊ पैसे घेऊन ठेवावेत.

प्रश्न : आमच्या पणजोबांचा एकच फोटो आहे, जुना, पिवळे डाग पडलेला, कोपरा फाटलेला. व्हिडिओ बघून एका एआय ॲपवर टाकला. फोटो लख्ख झाला, पण आत्या म्हणाली, ‘हे आमचे आजोबा नाहीत.’ काय करावं? तुम्हाला पाठवू का? – एक वाचक भगिनी, रावेर

उत्तर : आत्याबाईंचं बरोबर आहे. धूसर फोटोत डोळ्याचे जेमतेम चार-पाच ठिपके असतात. ॲप त्यातून डोळा शोधून काढत नाही, त्याने पूर्वी बघितलेल्या हजारो डोळ्यांसारखा एक नवा तयार करून बसवतं. डोळा सुंदर असतो, फक्त तुमच्या पणजोबांचा नसतो.

मूळ फोटो चौकटीतून काढून स्कॅन करा. काचेवरून मोबाइलने काढू नका, तुमचीच सावली त्यात येते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू मात्र नका, कागदावरचा थर काचेवरच राहील. तसा असेल तर काचेसकट स्कॅनरवर ठेवा. स्कॅन 600 डीपीआयवर. तीन बाय चार इंचांच्या फोटोचे त्यात 1,800 बाय 2,400 पिक्सेल मिळतात, म्हणजे 300 डीपीआयने सहा बाय आठ इंचांचा प्रिंट निघतो.

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. मग फोटोशॉपमध्ये चॅनेल्सचं पॅनेल उघडून लाल, हिरवा, निळा एकेक करून बघा. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास दिसतच नाही. लाल चॅनेल तेवढा घेऊन पुढचं काम सुरू केलं की निम्मे डाग ब्रश न लावता गेलेले असतात. उरलेल्या भेगा हीलिंग ब्रशने, नव्या रिकाम्या लेयरवर, वरच्या ‘सॅम्पल’च्या यादीत ‘ऑल लेयर्स’ निवडून भरा. डोळे, नाक, ओठ यांच्या आत ब्रश नेऊ नका. तिथे एखादी भेग राहिली तर राहू द्या.

पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि सोबत आत्याबाईंना विचारून लिहा की फाटलेल्या कोपऱ्यात, खांद्याच्या बाजूला, काय होतं. उपरण्याचं टोक होतं की कोट तिथपर्यंत बंद होता, आणि पणजोबांच्या शेजारी आणखी कुणी उभं होतं का. मला तिथे अर्धी बोटं दिसतील असा संशय आहे.